अंतिओकाचं चांगलं रक्त

अंतिओका लोड्डू पोळी लाटायला बसली की बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, असा तिचा कायदा होता. बोलण्याने पीठ बिघडतं म्हणे. हा कायदा मी एकही दिवस पाळला नाही आणि पीठही कधी बिघडलं नाही, पण अंतिओकाला सांगणार कोण? दंड मेंढपाळाचे, आवाज चर्चच्या घंटेसारखा, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला सुतार बोलवावा लागेल अशी ती बाई. जीव लावायची तोही तसाच, समोरच्याला घुसमटायला होईल इतका.

सार्डिनियाच्या या डोंगरात आमची कडक पोळी, कारासाऊ, भाजणं हे एकटीचं काम नाही. एकीने लाटायची. दुसरीने भट्टीत सोडायची. टम्म फुगून बाहेर आली की तिसरीने ती गरम गरम असतानाच कडेने सुरी फिरवून दोन पापुद्रे वेगळे करायचे, आणि मग ते पुन्हा भट्टीत, कुरकुरीत होईपर्यंत. पुरुष मेंढरं घेऊन सगळा हिवाळा खाली मैदानात काढतात, त्यांच्या झोळीत टिकते ती हीच. अंतिओका लाटायची, कोलुंबा भट्टी सांभाळायची आणि मी, गविना, कापायची. पंचवीस वर्षं सुरी चालवून माझी बोटं सोलून निघाली आणि जिभेला धार आली, असं माझी सासू म्हणायची. सासूचं बाकी काही खरं नसायचं, एवढं मात्र होतं.

अंतिओकाला एकच मुलगा, दियेगू. त्याच्या बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकली. तिला मुलगी हवी होती. देवळात, बाजारात, कुठेही वेणी घातलेली पोर दिसली की हिचा हात आपोआप तिच्या डोक्यावर जायचा. नवरा बाकिस म्हणायचा, "तुला मेंढीला वेणी घालून देतो, पण आता पुरे कर."

कोलुंबाचं उलट. तिला मुलं झाली, पण घरात टिकेनात. थोरली झिझ्झा आणि मधला लुसोरिओ ठीक होते. तिसरा एफिसिओ पाच वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात नुसता पाणी प्यायचा. आम्ही हसायचो, हा पोरगा गावचा झरा आटवणार म्हणायचो. पोर वाळत गेलं आणि एका सकाळी उठलंच नाही. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं त्या घरच्या विहिरीत दोष आहे. तेव्हा कोलुंबाच्या पोटात चौथी होती. ती जन्मली, चालायला लागली, आणि लुसोरिओ पाणी पाणी करायला लागला. या वेळी कोलुंबाने कोणाचं ऐकून घेतलं नाही. पोराला पाठुंगळी मारून निघाली ती थेट शहरातल्या इस्पितळात. तो वाचला. साखरेचा आजार आहे, रोज सुया टोचाव्या लागतील, जन्मभर, असं तिथे सांगितलं.

लुसोरिओ वाचला, पण कोलुंबाच्या मनाने घेतलं की आपलं घरच पोरं खातं.

एके दिवशी ती भट्टीवर आली ती चौथीला, सिदोराला, धुतलेला झगा घालून घेऊन आली. तीन वर्षांची पोर, हातात पोळीचा तुकडा. कोलुंबा म्हणाली, "अंतिओका, हिला तू घे. जिवाची लेक म्हणून घे."

अंतिओकाचे दोन्ही हात पिठात. "चेष्टा करतेस?"

"माझ्या उंबऱ्याच्या आत राहिली तर हीपण जाईल. तुझ्या घरात खाऊ दे, तुझ्या घरचं पाणी पिऊ दे."

"परत मागशील."

"नाही मागणार."

अंतिओकाने हात पुसले नाहीत, तशीच पोरीला उचलली. त्या झग्यावर पिठाचे दहा बोटांचे ठसे उमटले. कोलुंबा भट्टीकडे वळली आणि पुढची पोळी आत सोडली. त्या दिवशी कायदा न सांगताच सगळ्या गप्प होत्या.

आमच्याकडे जिवाचं मूल द्यायचं म्हणजे असंच देतात. कागद नाही, पाद्री नाही. लपवाछपवीही नाही. मुलाला ठाऊक असतं आपण कोणाच्या पोटचे, गावाला ठाऊक असतं, आणि त्याने काही बिघडत नाही. वाढवते ती आई. जिने दिलं तिने मात्र नंतर त्यात तोंड घालायचं नाही. वेणी कशी घातली, शाळेत का नाही गेली, ताप आला तर काय दिलं, एक अक्षर बोलायचं नाही. बोललीस तर दिलेलं परत ओढतेस, असं धरतात. कोलुंबाने हे इतकं कडक पाळलं की मलाच कधी कधी तिचा राग यायचा. सिदोरा भट्टीवर यायची, फाटलेल्या पोळीचे तुकडे मागायची. कोलुंबा तिला इतर पोरांना देई तेवढाच तुकडा देई, नखभरही मोठा नाही. मी बघत असायची.

सिदोरा अंतिओकाच्या घरात अशी रुजली की बघून हेवा वाटावा. दियेगू दहा वर्षांनी मोठा, तो तिला खांद्यावर बसवून गावभर मिरवायचा. चालही तिने अंतिओकाची उचलली होती, कमरेवर हात ठेवून, जग आपल्याच बापाचं असल्यासारखी. आवाजसुद्धा तसाच. बाकिस म्हणायचा, "घरात एक घंटा होती, आता दोन झाल्या. मी मैदानातच बरा."

सिदोरा सात वर्षांची असताना राजधानीहून रक्तवाले आले. आमच्या बेटावर पोरांना साखरेचा आजार जगात सगळीकडे होतो त्याहून फार जास्त होतो, आणि तो का होतो ते त्यांना शोधायचं होतं. शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली. त्यांची मुख्य एक बारीकशी डॉक्टरीणबाई होती, पिंटुस आडनावाची, बोलायला गोड आणि आमच्यासारखीच डोंगरातली. आजारी घरांतल्या आणि धडधाकट घरांतल्या मोठ्या माणसांचं रक्त ती घेत होती. घ्यायच्या आधी प्रत्येकीला विचारायची, मुलं किती, गेलेली धरून.

कोलुंबा म्हणाली, "तीन. एक मातीत आहे."

मागोमाग अंतिओका बसली. "दोन. मुलगा आणि ही माझी राणी." राणी तिच्या मांडीला टेकून सुईकडे डोळे मोठे करून बघत होती.

दोघींपैकी एकही खोटं बोलली नाही. खोलीत मास्तर होता, पाद्री होता, सिदोराला स्वतःच्या हाताने बाहेर काढणारी सुईणसुद्धा होती. सगळ्यांनी ऐकलं आणि कोणाला काही खटकलं नाही. खटकावं कशाला? दुसरं काही बोलल्या असत्या तर खटकलं असतं.

पुढच्या वसंतात डॉक्टरीण निकाल सांगायला आली. खोली भरली. तिने ते पुस्तकी भाषेत सांगितलं असतं तर अर्धा गाव झोपला असता, पण बाई हुशार होती. म्हणाली, "असं समजा, तुमच्या अंगात राखणीचे कुत्रे आहेत. बाहेरून रोग आला की अंगावर धावून जातात. पण काही जणांचे कुत्रे आपल्याच मेंढ्यांवर उलटतात. पोटात एक जागा असते, तिथे साखर आवरणारा रस तयार होतो. तीच मेंढरं ते फाडतात. रस संपला की आजार आला."

बाकिस मागून म्हणाला, "मेंढीला तोंड लावणारं कुत्रं आम्ही गोळी घालून मारतो."

"हे मारलं तर चोर आणि कोल्हे मोकळे. तुम्ही मग साध्या खोकल्याने मराल." लोक हसले. ती पुढे म्हणाली, "आपलं कोण आणि परकं कोण हे कुत्र्याला ओळखू यावं म्हणून रक्तात काही खुणा असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. काही खुणा वाईट, त्या आपल्या बेटावर फार. काही चांगल्या. चांगली एक जरी मिळाली तरी कुत्रं सहसा आपल्या मेंढीला तोंड लावत नाही."

मग ती अंतिओकाकडे वळली. अंतिओकाच्या रक्तात दोन्ही बाजूंनी चांगली खूण निघाली होती. म्हणजे कोणतीही दिली तरी मुलांना चांगलीच मिळालेली असणार. दोघांनाही. त्यांना टोचायचीसुद्धा गरज नाही, या घरात हा आजार जवळजवळ येणारच नाही.

"जवळजवळ" हा शब्द तिने उच्चारला होता, मी कानांनी ऐकला. खोलीच्या दाराबाहेर पडेपर्यंत तो कुठे गळून पडला कोणास ठाऊक.

कोलुंबाला तिने जवळ बसवून घेतलं, हात हातात घेतला. "तुमच्यात आणि तुमच्या नवऱ्यात, दोघांतही वाईट खूण आहे. हे घराचं नाही, विहिरीचं नाही, कोणाची नजर नाही. तुमचा काही दोष नाही." बिचारी धीर द्यायला बोलली. कोलुंबाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. इतकी वर्षं ती समजत होती की आजार उंबऱ्याच्या आत आहे आणि आपण पोरीला उंबऱ्याबाहेर काढलं. आता कळलं की तो रक्तात आहे, आणि रक्त तर पोरीबरोबरच शेजारच्या घरी गेलं.

तिने सिदोराकडे पाहिलं. अंतिओका पोरीला दोन्ही हातांनी उचलून धरून सगळ्यांना सांगत होती, "ऐकलंत का? माझी दोन्ही सुटली. दोन्ही." कोलुंबाने तोंड उघडलं. त्या भरल्या खोलीत उभं राहून ही माझी आहे म्हणायचं, म्हणजे पोर परत मागायची. चोरी करणाऱ्याला आमच्याकडे माफी मिळते, पण दिलेलं मूल परत मागणाऱ्या बाईला मिळत नाही. तिने तोंड मिटलं. मी तिच्या शेजारीच बसले होते. मला वाटलं तिला एफिसिओ आठवला असेल. असं वाटून मीही मोकळी झाले, कशाला खोटं सांगू?

त्यानंतर अंतिओकाचं चांगलं रक्त म्हणजे गावात थट्टेचा विषय झाला, आणि अंतिओकाला ती थट्टा भारी आवडायची. डास चावला की म्हणायची, "घे बाबा, तूपण सुधार." पोरींच्या आया दियेगूकडे नव्या नजरेने बघायला लागल्या. मी म्हटलं, "दियेगूला आता मेंढ्यासारखा भाड्याने दे."

"तुझ्या तोंडाला काही लाज?" ती म्हणाली, पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

दर शरद ऋतूत एक नर्स शाळेत यायची आणि आजारी घरांतल्या पोरांच्या बोटांना टोचून साखर बघायची. ठरलेली पोरं रांगेत उभी राहायची, बाकीची अंगणात खेळायची. एकदा सिदोरा आपल्या मैत्रिणीचा हात धरून रांगेत उभी राहिली. नर्स म्हणाली, "तू अंतिओकाची ना? चांगल्या रक्ताची. पळ, खेळ जा." पोर पळाली. हे घरी येऊन तिनेच सांगितलं, अगदी नाक वर करून.

ती दहा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात बर्फ फार पडलं. पुरुष खाली मैदानात, गावात बायका, म्हातारे आणि दियेगूसारखे दोनचार. गावचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा, तोही रस्ता उघडा असला तर. सिदोरा वाळायला लागली. अंतिओका म्हणाली, उंची वाढतेय. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. अंतिओका म्हणाली, थंडी बाधली. मास्तर म्हणाला, वर्गातून सारखी उठून बाहेर जाते. अंतिओका त्याच्यावरच उखडली, तुझा वर्गच गारठलेला आहे, आधी शेगडी लाव.

जानेवारीत चौकात संत अंतोनीचा मोठा जाळ पेटतो. सगळं गाव भोवती, तोंडं लाल, घसे कोरडे. सिदोरा झऱ्याकडे जायची, प्यायची, यायची, परत जायची. जाळाजवळ सगळ्यांनाच तहान लागते, कोण बघतंय? कोलुंबा बघत होती. ती जाळाकडे पाठ करून उभी होती आणि झऱ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही भट्टीवर होतो. सिदोरा पिठाच्या पोत्याला टेकून बसली होती, ओठ फाटलेले, शेजारी पाण्याचा तांब्या. तुकडा मागायला उठलीसुद्धा नाही. कोलुंबाने भट्टीची फावडी खाली ठेवली, पोरीपाशी गेली, वाकली आणि तिच्या तोंडाचा वास घेतला. मग तिथेच जमिनीवर बसली.

"अंतिओका," ती म्हणाली, "हिला शहरात ने. आज ने."

अंतिओकाने लाटणं थांबवलं नाही. "काय झालंय तिला? जाळाच्या दिवशी गोड जास्त खाल्लंय."

"सफरचंद सडल्यासारखा वास येतोय. एफिसिओच्या तोंडाला यायचा. मी लुसोरिओचं साखर मोजायचं यंत्र आणते, एक थेंब रक्त बघू दे."

आता अंतिओकाने लाटणं ठेवलं. "तुझ्या पोरांचा रोग माझ्या पोरीच्या डोक्यावर मारू नकोस. डॉक्टरणीने सांगितलंय, माझ्या घरात तो येत नाही. तू होतीस तिथे."

"अगं, ती तुझ्या..." कोलुंबा थांबली. पुढचे शब्द तिला उच्चारताच येईनात. सात वर्षं ते शब्द तिने तोंडात येऊ दिले नव्हते.

"बोल ना. माझ्या काय? माझी नाही? सात वर्षांनी आठवलं तुला? परत मागायला आलीस?"

"नाही मागत. फक्त ने तिला."

"ऊठ माझ्या भट्टीवरून."

सिदोरा डोळे मिटून बसली होती. कोलुंबा उठली, हात झटकले आणि निघून गेली. मी म्हटलं, "अंतिओका, बघायला काय जातंय?" तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी धारदार जीभ टाळूला चिकटली. भट्टी मग मी सांभाळली. पोळ्या करपल्या.

अंगात ताकद नाही म्हणून अंतिओकाने पोरीला काय दिलं, तर आमच्याकडे सगळ्यांना देतात तेच. सापा. द्राक्षांचा रस आटवून केलेला काळा पाक, काकवीपेक्षा गोड. बाळंतिणीला देतात, म्हाताऱ्याला देतात. वाटी वाटी पाजला. गरम दुधात मध घालून दिला. पोर तहानेने सगळं प्यायची आणि ओकून टाकायची. अंतिओका परत पाजायची. जीव ओवाळून टाकून पाजायची, हे मी सांगते, कारण नंतर लोक काहीही बोलले.

दोन दिवसांनी दियेगू माझ्या दारात आला. "मावशी, चल. सिदोरा कशीतरीच श्वास घेतेय."

मी गेले. पोर लांब डोंगर चढून आल्यासारखी श्वास ओढत होती, आणि पडून होती. हाक मारली तर डोळे उघडायची, पण बघायची नाही. अंतिओका वाटी हातात घेऊन उभी. मी ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि दियेगूला म्हटलं, "कोलुंबाला आण." अंतिओकाने अडवलं नाही.

बोलवायची गरजच नव्हती. कोलुंबा बाहेर पायरीवर बसली होती, बर्फात, शालीखाली लुसोरिओचा यंत्राचा आणि सुयांचा डबा धरून. कधीपासून बसली होती देव जाणे. आत आली, पण उंबऱ्याच्या आत आल्यावर थांबली आणि अंतिओकाला विचारलं, "टोचू का?"

अंतिओकाने मान हलवली. यंत्राने आकडाच दाखवला नाही. एवढी साखर मोजायची त्याची ऐपत नव्हती. कोलुंबाने लुसोरिओच्या औषधातलं थोडं सुईत भरलं आणि परत विचारलं, "देऊ का?" पोर मरायला टेकली होती आणि ही बाई परवानगी मागत होती. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "दे ना बाई." तरी ती थांबली, अंतिओका "दे" म्हणेपर्यंत.

दियेगूच्या टेम्पोत पुढे अंतिओका पोरीला मांडीवर घेऊन बसली, मागे आम्ही दोघी दुधाच्या कॅनांच्या मधे. रस्त्यावर बर्फ होतं. दोनदा खाली उतरून फावडी मारावी लागली. कोलुंबा एकदाही रडली नाही. मी हात धरला तर तो हात लाकडाचा वाटला.

इस्पितळात पोरीला ढकलगाडीवर घेतलं. डॉक्टर धावतच विचारत होता, "घरात कोणाला साखर आहे?"

"नाही," अंतिओका म्हणाली. सवयीने. मग तिचं तोंड वाकडं झालं. "आहे. हिच्या भावाला आहे. एक भाऊ त्यानेच गेला."

"मग इतके दिवस तपासली का नाही?"

दार बंद झालं. आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "आई कोण? आत या. लवकर."

दोघी उठल्या. अंतिओका कोलुंबाकडे वळली. मला वाटतं ती तिला जा म्हणणार होती. पण कोलुंबाने तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकललं. "तू जा. तुलाच शोधत असेल." आणि परत बाकावर येऊन बसली. सिदोरा गेली तेव्हा तिचा हात अंतिओकाच्या हातात होता, आणि जन्म देणारी दाराच्या अलीकडे भिंतीकडे बघत होती. मी शेजारी बसून राहिले.

पुरायच्या आधी आमच्याकडे आई उशाशी बसते. अंतिओका बसली. कोलुंबा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रांगेत, झिझ्झा आणि लुसोरिओच्या मध्ये. बाकिस मैदानातून आला, अंगाला मेंढरांचा वास तसाच, आणि दिवसभर एकच वाक्य बोलला. "मेंढीवर उलटणारं कुत्रं ओळखता येतं मला," म्हणाला, "हजारात ओळखतो."

अंतिओकाने भट्टी बंद केली. डास चावल्यावर बोलणारी बाई आता कोणाशीच बोलेना. लोक बोलत होते. अडाणी म्हणाले, पाक पाजून मारली म्हणाले, परक्याची म्हणून मारली असंही एक जीभ म्हणाली, आणि ती जीभ मी भर चौकात अशी सोलली की ते घर अजून मला पाणी विचारत नाही. तिने परकी म्हणून नाही मारली. परकी आहे हे तिला कधी, एक क्षणसुद्धा, आठवलं नाही. तेवढं आठवलं असतं तर पोर जगली असती. हा कसला न्याय आहे तो तुम्हीच मला सांगा.

त्या वसंतात रक्तवाले पुन्हा आले. सगळं पहिल्यापासून विचारायचं होतं. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून उभी होती, वाळलेली, डोळे खाली. टेबलावर नवा डॉक्टर, टकला, घाईत असलेला, गावातलं काही ठाऊक नसलेला. अंतिओका येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती आली. काळ्या कपड्यांत, दियेगूच्या हाताला धरून, आणि रांगेत कोलुंबाच्या मागे उभी राहिली. जाळाच्या दुसऱ्या दिवसानंतर दोघी भट्टीवर एकत्र उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मुलं किती? गेलेली धरून," टकल्याने विचारलं.

"तीन," कोलुंबा म्हणाली. "एक मातीत."

"चार," मागून अंतिओका म्हणाली. आवाज तोच, घंटेचा, खोलीच्या टोकापर्यंत गेला. "हिला चार आहेत. दोन मातीत. चौथी सिदोरा. लिहा."

डॉक्टरने कोलुंबाकडे पाहिलं. कोलुंबाने मान वर केली नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "हो. चार." आणि मग पहिल्यांदाच, गावासमोर, रडली.

तिला बाजूला बसवलं. अंतिओका खुर्चीवर बसली, बाही वर केली.

"तुम्हाला किती?"

"एक."

दियेगूने तिचा खांदा धरला. "आई. आई, असं काय बोलतेस?"

"गप बस," अंतिओका म्हणाली आणि दंड पुढे केला. "हे रक्ताचं विचारतायत, बाळा. जिवाचं नाही विचारत."